नकाशावरची यॉसूवाली

जोंगनिमच्या आईला थडगं होतं, पण दगड नव्हता.

टेकडीच्या वरच्या अंगाला ग्वाक भावकीतली माणसं निजलेली. प्रत्येकाच्या पुढ्यात काळा दगड, त्यावर नाव आणि पिढी. सगळ्यांत रुंद उंचवटा जोंगनिमच्या वडिलांचा. त्याच मातीखाली, त्यांच्या शेजारी, त्यांची लग्नाची बायको. तिथून खाली उतरत आलं की पाइनची झाडं संपतात, ओढा लागतो. ओढा ओलांडून रस्त्याच्या अंगाला एक बुटका उंचवटा होता. तो यॉसूवालीचा.

कोरियात गावाकडे बाईला तिच्या माहेरावरून हाक मारतात. जोंगनिमची आई यॉसूची, बंदरावरची. थोरलीला आठ वर्षं मूल झालं नाही म्हणून तिला आणलं. लग्न लागलं नाही. एक दिवस गाठोडं घेऊन ती अंगणापलीकडच्या खोलीत राहायला आली, एवढंच. तिला मुलगी झाली. ती जोंगनिम. आणि दोन वर्षांनी, सगळ्यांनी आशा सोडली होती तेव्हा, थोरलीलाच मुलगा झाला. झालं. यॉसूवालीचं काम संपलं. ती परत मात्र गेली नाही. जाणार कुठे? तिनं त्या घरची भातशेती केली, हिवाळ्यासाठी किमचीचं लोणचं घातलं, थोरलीचं शेवटचं आजारपण काढलं आणि अंगणापलीकडच्याच खोलीत डोळे मिटले.

कागदोपत्री जोंगनिम थोरलीची मुलगी. तेव्हा तसंच लिहायचे. शाळेत, लग्नात, बँकेत, कुणीही आईचं नाव विचारलं की ती थोरलीचं नाव सांगायची. ते खोटं नव्हतं. त्यावर सरकारी शिक्का होता.

शरदात छुसॉकचा, पूर्वजांना पुजायचा सण जवळ आला की ग्वाकांचे पुरुष गवत कापायची यंत्रं घेऊन टेकडीवर येत. वरची थडगी भादरून काढत, पुढ्यात फळं आणि दारू ठेवत, वाकून नमस्कार करत आणि ओढ्यापाशी येऊन थांबत. पुढे जायला कुणाची मनाई नव्हती. पण तिथलं गवत कुणाला दिसतच नसे. दुसऱ्या दिवशी जोंगनिम तिच्या लाल स्कूटरवरून येई. डोक्याला पांढरी टोपी, हातात विळा. आईबापाच्या थडग्यावरचं गवत मुलानं कापायचं असतं. मुलगा नसेल तर कुणी, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

नवरा गेल्यावरही ती शेजारच्या गावात, सासरच्याच घरात राहिली. एक मिरच्यांचं शेत, चार कोंबड्या. दुपारी गावच्या सभागृहात ओकदान नावाच्या मैत्रिणीच्या जोडीनं म्हाताऱ्यांचा स्वयंपाक. तक्रार करायची तिला सवय नव्हती. आईकडून बाकी काही नाही, तर तेवढं मिळालं होतं.

त्या वर्षी नववर्षाच्या दिवशी ती नेहमीसारखी भावाच्या घरी गेली. दोंगमान, थोरलीचा मुलगा, आता साठीचा. भावकीचा प्रमुख. बाहेरच्या खोलीत पुरुष, आतल्या खोलीत भांडी. जोंगनिम भांड्यांत.

बाहेर हशा उसळला.

“काय रे चुनसिक, यंदा कुणाच्या बापाला पाजलीस?” हा ब्योंगचिल काकांचा आवाज. भावकीतले सगळ्यांत म्हातारे. कान गेले होते, जीभ शाबूत होती.

“पुरे की आता, काका,” दोंगमानचा चुलतभाऊ चुनसिक म्हणाला.

“पुरे कसं? पोरांना कळू दे. अरे, हा मागच्या छुसॉकला दोन पोरं घेऊन टेकडीवर गेला. सकाळभर घाम गाळून गवत कापलं. फळं मांडली. दारू ओतली. दोनदा डोकं टेकून उठतो तर मागे अनोळखी माणसं उभी. म्हणतात, आमच्या आजोबांवर तुमचं इतकं प्रेम कसं?”

“झाडं वाढली होती. सगळे उंचवटे सारखेच दिसतात,” चुनसिक म्हणाला.

“आणि ती माणसं भली. म्हणाली, पुढच्या वर्षीही या!”

दोंगमानचा मुलगा थेग्युन सोलमध्ये संगणकाच्या कंपनीत होता. तो हसत नव्हता. त्यानं लॅपटॉप उघडला.

“आजोबा, म्हणून तर हे आणलंय. नवीन आहे. मोबाईलमध्ये काही उतरवून घ्यायला नको. मी ग्रुपवर लिंक पाठवतो, ती दाबायची, नकाशा उघडतो. ज्याला जे थडगं माहीत, त्यानं तिथं बोट ठेवायचं. खूण पडते. नाव घालायचं. उद्या चुनसिक काका टेकडीवर गेले की मोबाईलच सांगेल, आपले आजोबा अजून वर आहेत.”

“म्हणजे मेलेल्यांना आता पत्ता मिळणार,” ब्योंगचिल काका म्हणाले. “पत्ता मिळाला की विजेचं बिलही येईल.”

“वापरून तर बघा. चुकलं तर पुसता येतं.”

जोंगनिम सोललेल्या पेअरचं ताट घेऊन बाहेर आली, तेव्हा पडद्यावर टेकडी होती. वरून. तिनं ती टेकडी उभ्या जन्मात खालूनच पाहिली होती. पाइनचे गर्द ठिपके, त्यांत वरची थडगी फिकट वाटोळी. ओढ्याची रेघ. रेघेच्या अलीकडे आणखी एक वाटोळं, सगळ्यांत लहान, सगळ्यांत फिकट. ताजं कापलेलं गवत तसं दिसतं. आणि रस्त्याच्या कडेला तांबडा कण.

“ती माझी गाडी,” ती म्हणाली.

सगळ्यांनी मान वळवली. ती बाहेरच्या खोलीत सहसा बोलत नसे.

थेग्युननं चित्र मोठं केलं. कण स्कूटर झाला. लहान वाटोळ्याच्या काठावर एक पांढरा ठिपका होता.

“आणि ही टोपी! आत्या, तुम्ही आहात की यात.”

“टोपी आहे. ती कुठाय?” काका म्हणाले. “हे आत्ताचं दिसतंय होय?”

“नाही आजोबा, विमानातून काढलेला फोटो आहे. मागच्या शरदातला. दोनेक वर्षांनी नवा टाकतात.” मग तो बापाकडे वळला. “बाबा, आत्या ग्रुपवर नाहीत?”

दोंगमाननं पेअरची फोड तोंडात टाकली. चावली. गिळली.

“घे की तिला. टेकडी ओळखते ती.”

असं जोंगनिमला भावकीत घेतलं.

घरी आल्यावर तिनं लिंक दाबली. आधी स्वतःचं घर शोधलं, सरावासाठी म्हणून मिरच्यांच्या शेतावर बोट टेकवलं. खूण तळ्यात पडली. पुन्हा टेकवलं. शेजाऱ्याच्या गोठ्यावर पडली. तिनं थेग्युनला फोन लावला.

“आत्या, खुणेवर बोट दाबून धरा. उचलू नका. आता सरकवा. आली ना?”

“आली. अरे, बैलासारखी मागं मागं येते!”

“हवी तिथं आणा आणि सोडा.”

तो एकटा तिला आत्या म्हणत असे. बाकीची पुतणेमंडळी तिला काहीच म्हणत नसत. काही न म्हणता बोलण्याची कला त्या घरात सगळ्यांना येत होती.

सरावाची खूण पुसून ती टेकडीवर गेली. स्कूटर अजून तिथं उभी होती. लहान वाटोळ्यावर तिनं बोट टेकवलं. लाल खूण उभी राहिली आणि खाली चौकट उघडली. नाव.

नाव होतं. सिम ओकबून. आईच्या मृत्यूच्या दाखल्यानंतर ते तिनं कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं. स्वतः तर कधी लिहिलंच नव्हतं. एकेक अक्षर शोधत तिनं ते घातलं.

दुसरी चौकट, कुणाचे. तिथं तिनं वडिलांचं नाव घातलं. तिसरी, नातं. तिथं लिहायचं नव्हतं, निवडायचं होतं. मुलगा. सून. मुलगी. पत्नी. इतर.

ती उठली. कोंबड्यांना दाणे टाकले. परत आली. चौकट तशीच उघडी होती, वाट बघत. माणसांनी तिला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तरही त्यांनीच दिलं असतं. यंत्राला काही ठाऊक नव्हतं. त्यानं पाच शब्द पुढे केले आणि म्हणालं, घे.

तिनं पत्नी घेतलं.

ग्रुपवर लगेच ओळ उमटली: जोंगनिम यांनी एक खूण टाकली. मग चुनसिकनं अंगठा दाखवला. तो सगळ्यालाच अंगठा दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं सभागृहाच्या स्वयंपाकघरात ओकदानला मोबाईल दाखवला. ओकदाननं हात पुसले, चष्मा चढवला.

“बायको लिहिलंस?”

“हं.”

“आणि त्यांनी काही म्हटलं नाही?”

“नाही.”

“मग झालं तर.” ओकदान कांदा चिरायला लागली. मध्येच थांबली. “की कुणी वाचलंच नाही?”

जोंगनिमनं मोबाईल परत घेतला. तिला ते जाणून घ्यायचं नव्हतं. त्या दिवसापासून झोपण्याआधी ती नकाशा उघडून बघे. वर काळ्या दगडवाल्यांच्या खुणा एकेक करून उमटत होत्या. सगळ्या लाल. सगळ्या एका मापाच्या. कुठली वर, कुठली खाली, ते डोंगराला कळत असेल. खुणेवरून कळत नव्हतं.

वसंतात दोंगमानचा फोन आला. तो फोन करत नसे.

“ताई, यंदा सहावा महिना अधिक आहे.”

“आहे खरा.”

“तर भावकीनं ठरवलंय. टेकडीवर चढणारे आता उरले नाहीत. पोरं सोलला, त्यांना सुट्टी नाही. सगळ्यांना काढून, दहन करून, एका जागी ठेवायचं. दगडी अस्थिघर बांधतोय, रस्त्याला लागून. गाडी थेट पुढ्यात जाईल. अधिक महिन्यात उरकून घेऊ.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. नकाशावर आहेत ते सगळे. कंत्राटदाराला तीच लिंक दिलीय. थेग्युनच्या त्या खेळण्याचा उपयोग झाला बघ.”

तिला विचारायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण विचारलं की उत्तर मिळतं, हे ती लहानपणीच शिकली होती. ती म्हणाली, “बरं. मी जेवण घेऊन येते.”

फोन ठेवून ती मिरचीची रोपं लावायला गेली. ओळीच्या टोकाला पोचली तेव्हा ती रडत होती. आई एका छपराखाली जाणार होती. अंगणापलीकडे नाही.

अधिक महिना आपल्यासारखाच कोरियातही फुकटातला. त्याला देव नाही, मुहूर्त नाही, म्हणून लोक एरवी घाबरतात ती कामं त्यात उरकतात. थडगी हलवायची ती याच महिन्यात.

त्या दिवशी जोंगनिम अंधारातच उठली. भात, भाज्या, भाजलेले मासे. यॉसूच्या बंदरात मिळतात तसले मासे, मुद्दाम बाजारातून आणलेले. हाडं गुंडाळायला तागाचं कोरं कापड. ते तिनं स्वतः शिवलं होतं. हाडं बघायची तिची तयारी होती. बघायचीच होती. पिवळी निघाली तर जागा चांगली होती म्हणतात, काळी निघाली तर मेलेलं माणूस पाण्यात निजलं होतं. आणि उघडण्याआधी हाक द्यायची असते. मातीवर कुदळ टेकवून मोठ्यानं सांगायचं, उघडतोय हो! म्हणजे आतलं माणूस दचकत नाही. मुलगा सांगतो. तिनं ठरवलं होतं, आपण सांगायचं. जे म्हणतील ते म्हणोत.

दोंगमाननं नऊ वाजता यायला सांगितलं होतं. ती आधीच पोचली. रस्त्याच्या कडेला नेहमीच्या जागी स्कूटर लावली. टोपी सारखी केली. वर पाहिलं.

ओढ्याच्या अलीकडे सपाट लाल माती होती. तिच्यावर यंत्राच्या चाकांचे वळ.

मुखपट्टी लावलेला एक कामगार मोबाईल हातात घेऊन झाडीकडे निघाला होता.

“इथलं?” तिनं विचारलं.

“ही पहिलीच खूण, आजी. रस्त्याजवळची. ऊन व्हायच्या आत खालून सुरुवात केली.”

“हाक दिली?”

“कसली?”

“उघडताना. हाक.”

त्याला वाईट वाटलं असावं. त्यानं मुखपट्टी खाली ओढली. “घरचं कुणी असलं तर ते देतात, आजी. इथं कुणी नव्हतं. आम्ही खूण बघून खणतो.” मग जरा थांबून म्हणाला, “हाडं चांगली होती. पिवळी, कोरडी. मुळांनीसुद्धा धरलेली नव्हती.”

पलीकडच्या मोकळ्या जागेवर हाडं जाळायच्या गॅसच्या भट्टीचा आवाज येत होता. तागाचं कापड तिच्या काखेत होतं.

वरची थडगी दुपारपर्यंत झाली. तिथं दोंगमाननं हाका दिल्या. प्रत्येक दगडापाशी. त्याचा घसा बसला.

नवं अस्थिघर काळ्या दगडाचं, चकचकीत. पुढ्यात गाड्या लावायला जागा. दगडात कप्पे, कप्प्यांवर नावं कोरलेली. पांढऱ्या कापडात बांधलेल्या पेट्या एकेक करून आत गेल्या. दोंगमान नाव वाचायचा, चुनसिक पेटी द्यायचा. वडील गेले. थोरली गेली, त्यांच्या शेजारच्या कप्प्यात. पेट्या संपत आल्या, कप्पेही. शेवटची पेटी थेग्युनच्या हातात राहिली. दोन कप्पे मोकळे होते. त्यांवर नाव नव्हतं.

“ही कुणाची?” चुनसिकनं विचारलं.

थेग्युननं मोबाईल पाहिला. मग आत्याकडे पाहिलं. मग बापाकडे.

“बाबा, ही आत्यांची... आत्यांच्या आईची.”

“दगडावर कुठाय?”

“दगडावरची नावं वंशावळीवरून दिली होती. तुम्ही सांगितलंत तशी. खणायचं नकाशावरून दिलं.” त्याचा चेहरा उतरला होता. “मी दोन्ही ताडून पाहिलंच नाही.”

मग ब्योंगचिल काका सावलीतल्या खुर्चीतून ओरडले. कमी ऐकू येणारी माणसं हळू बोलू शकत नाहीत.

“कोण राहिलंय?”

“यॉसूवाली, काका,” चुनसिक म्हणाला.

“ती इथं कशी आली? ती वंशावळीत नाही.”

“चुकून खणलं गेलं.”

“मग एवढं काय त्यात? अधिक महिन्यात प्रेत उलटं उभं केलं तरी बाधत नाही. झाडाखाली पसरा आणि जेवायला बसा. मासे भाजल्याचा वास येतोय.”

जोंगनिम पुढे आली.

“ते दोन कुणाचे?”

“आमचे,” दोंगमान म्हणाला. “माझा आणि हिचा.”

“तू म्हणालास, सगळे.”

“नकाशावरचे म्हणालो, ताई.”

“ती नकाशावर आहे.”

“म्हणून तर काढली गेली ना!” बसलेल्या घशानं त्याला ओरडता येत नव्हतं. त्यामुळे ते जास्त लागलं. “कुणी सांगितलं होतं खूण टाकायला? टाकली नसतीस तर आम्ही हातही लावला नसता. इतकी वर्षं लावला का कुणी? होती तिथं सुखानं होती.”

हे खरं होतं. त्याला दुष्टपणा म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ते नुसतं खरं होतं. ज्यांना ती कधी दिसली नव्हती, त्यांना तिनं बोट धरून दाखवली होती.

“पत्नी लिहिलंयस,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी वाचलं होतं. म्हटलं, जाऊ दे, कुणी बघत नाही.”

तिनं थेग्युनच्या हातातून पेटी घेतली. अजून कोमट होती. कोऱ्या तागाच्या कापडात तिनं ती पांढऱ्या कापडावरूनच गुंडाळली. जेवणाचे डबे तिथंच ठेवून ती निघाली. थेग्युन मागे आला.

“आत्या, मी सोडतो गाडीनं.”

“स्कूटर आहे.”

“आत्या, मी... मला वाटलं...”

“तू शिकवलंस तसंच केलं मी,” ती म्हणाली. “चुकलं नाही माझं कुठे.”

पेटी तिनं स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि टाचांनी दाबून धरली.

गावात बातमी तिच्याआधी पोचली होती. संध्याकाळी ओकदान आली. दारातूनच तिनं तांदळाच्या कोठीवर ठेवलेली पेटी पाहिली.

“मेलेलं माणूस घरात ठेवू नये गं.”

“ती कधी कुणाच्या घरात होती? राहू दे दोन दिवस.”

ओकदान आत आली. तिनं पेटीला नमस्कार केला, दोनदा, नीट डोकं टेकून. गुडघे कुरकुरले. मग म्हणाली, “टेकडीवर परत नेऊन पुरली तर?”

“कागद झालेत. टेकडी मोकळी झाली असं लिहून दिलंय. भाड्यानं देणार आहेत.”

“कुणाला?”

“उन्हाची वीज करणाऱ्यांना.”

“घ्या. म्हाताऱ्याची जीभ काळी,” ओकदान म्हणाली. जोंगनिमनं काकांची ती विजेच्या बिलाची थट्टा तिला सांगितली होती. दोघी हसल्या. ते हसणं लवकर संपलं.

अधिक महिना सरायच्या आत जोंगनिमनं मिरच्यांच्या शेताच्या कडेला खड्डा केला. कुदळ मातीवर टेकवून तिनं हाक दिली. उघडायचं काही नव्हतं, तरी दिली. पेटी ठेवली, माती सारखी केली. उंचवटा केला नाही. उंचवट्याला कचेरीची परवानगी लागते, आणि परवानगीच्या कागदावर पहिला प्रश्न असतो, मृत व्यक्तीशी नातं. तिथं शिक्का विचारतात. आता कापायला गवतही उरलं नव्हतं. मिरच्यांत जे उगवेल ते उपटायचं, एवढंच.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर दोंगमानचा निरोप आला. भावकीचं मोठं काम पार पडलं. पूर्वज एका छपराखाली आले. सर्वांचे आभार. खाली टाळ्यांची चित्रं पडत गेली. चुनसिकचा अंगठा पडला. त्यानंतर थेग्युनची एक कोरडी ओळ होती: सगळ्या खुणा नव्या जागी नेल्या आहेत.

जोंगनिमनं नकाशा उघडला. टेकडी रिकामी होती. रस्त्यालगत, जिथं फोटोत अजून भाताचं शेतच दिसत होतं, तिथं एकच लाल खूण होती आणि तिच्यावर आकडा. सगळ्या एकावर एक बसलेल्या. तिनं त्यावर बोट टेकवलं. नावं उलगडली. वडील. त्यांच्याखाली थोरली, पत्नी. तिच्याखाली सिम ओकबून, पत्नी.

दगडानं जे दिलं नाही ते यंत्रानं देऊन टाकलं होतं, न विचारता, एका झटक्यात सगळ्यांबरोबर. आई नकाशावर त्या घरात होती. खरी मिरच्यांत होती.

दोनच दिवसांत फोन आला. दोंगमानचा घसा सुटला होता.

“ताई, एक काम होतं. तो आकडा. दगडावर आहेत त्यापेक्षा नकाशावर एक नाव जास्त. लोक विचारतायत. काका रोज कुणाला तरी वाचून दाखवायला लावतात.”

“मग?”

“थेग्युनला काढ म्हटलं तर ऐकत नाही. म्हणतो, आत्यांनी टाकलीय, आत्याच काढतील. आता बापापेक्षा शहाणा झालाय. तर तेवढं तू...” तो थांबला. “तुला तरी कुठे आवडतंय, ती तिथं नसताना तिथं दिसलेलं?”

हेही खरंच होतं. त्याला नेहमी खरं तेच सापडायचं.

“काढते,” ती म्हणाली.

तिनं यादीतलं शेवटचं नाव दाबलं. नाव वेगळं झालं, खूण सुटी झाली. खाली दोन शब्द आले, पुसा आणि हलवा. ‘पुसा’वर तिचं बोट जाऊन आलं.

मग तिनं खूण दाबून धरली. उचलली नाही. सरकवली. खूण काळ्या दगडाच्या घरातून निघाली, भाताच्या शेतावरून, रस्त्यावरून, बैलासारखी मागं मागं आली. मिरच्यांच्या शेताकडे न्यावी असं तिच्या मनात आलं होतं. पण तिथला पत्ता त्या माणसांना द्यावा असं तिला वाटेना. पत्ता दिला की काय होतं ते तिनं पाहिलं होतं. ती टेकडीकडे वळली. फोटो तोच होता. पाइनचे गर्द ठिपके, ओढ्याची रेघ, रेघेच्या अलीकडे लहान फिकट वाटोळं, ताजं कापलेलं. काठावर पांढरी टोपी. रस्त्याला लाल स्कूटर.

तिनं बोट उचललं.

ग्रुपवर ओळ उमटली: जोंगनिम यांनी एक खूण हलवली.

थोड्या वेळानं दोंगमाननं लिहिलं, सगळ्यांच्या देखत. ताई, तिथं आता काही नाही.

तिनं अक्षरं शोधली. एकेक दाबली.

माहीत आहे.

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी अंगठा दाखवला नाही. चुनसिकनंसुद्धा नाही. जोंगनिम मोबाईल घेऊन ओट्यावर बसली. पुढ्यात चटईवर मिरच्या वाळत होत्या, त्या अधूनमधून पायानं सारख्या करायच्या होत्या. थेग्युन म्हणाला होता, दोनेक वर्षांनी नवा फोटो टाकतात. त्यातलं एक वर्ष सरतच आलं होतं.